हंगामअखेरच्या गांधीलमाशा व फळबागेचा बंदोबस्त

पावसाळा सरून आश्विन लागला म्हणजे खानदेशांतील बागाईतदारांकडून एक तक्रार हटकून ऐकूं येते. ती ही कीं, बागेंत गांधीलमाशा फार झाल्या, मजूर फळ तोडावयास धजत नाहींत, यांचा एकदांचा निकाल लावावा. जळगांव जिल्ह्यांत भडगांव-पाचोऱ्याकडील मोसंबी व लिंबू, धुळें जिल्ह्यांत साक्रीकडील डाळिंब व शिरपूरकडील पपई, या सर्व बागांत थोड्याफार फरकानें हीच स्थिति असते. या विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहों ते विद्वत्तेच्या बळावर नव्हे. आमच्या हातून झालेली एक चूक, आणि त्यानंतर वाचून व डोळ्यांनीं पाहून जें कळलें तें, एवढीच आमची शिदोरी आहे.

आमची चूक

गिरणेच्या कांठीं आमची मोसंबीची लहानशी बाग आहे. चार वर्षांपूर्वीं आंबे बहाराचें फळ तोडणीस आलें असतां बांधावरील जुन्या वारुळांत गांधीलमाशांनीं घर केल्याचें आढळलें. दुपारची वेळ होती. आम्ही सालदारास फर्माविलें कीं, काठीस चिंधी बांध, ती डिझेलमध्यें बुडीव आणि पेटवून बिळांत घाल. तो म्हणाला, “आप्पा, रात्रीं करूं. आतां बाया जवळच तोडणीस आहेत.” संध्याकाळीं व्यापाऱ्याची गाडी यावयाची होती, म्हणून आम्हांस घाई. आम्ही त्याचें ऐकिलें नाहीं.

बिळांत होत्या त्यांपैकीं कांहीं माशा जळाल्या असतील. परंतु चरावयास बाहेर गेलेल्या माशा परत येऊं लागल्या, आणि वारुळाच्या दुसऱ्या तोंडानें निसटलेल्या त्यांस मिळाल्या. दोन ओळी पलीकडे वाकून फळें गोळा करणाऱ्या बायांवर त्या तुटून पडल्या. एका बाईस दोनच डंख झाले होते. परंतु दहा मिनिटांच्या आंत तिच्या सर्वांगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला व श्वास लागूं लागला. मोटारींत घालून तिला ग्रामीण रुग्णालयांत नेलें. तेथें वेळेवर सुई मिळाली म्हणून ती वांचली. इकडे बांधावरचें वाळलेलें गवत पेटून तीन झाडें होरपळलीं व ठिबकच्या नळ्या वितळल्या. आणि आठव्या दिवशीं पाहतों तों बागेंत गांधीलमाशा पूर्वींइतक्याच! हुकूम आमचा होता. भोगलें मात्र त्या बाईनें. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये, हाच हा लेख लिहिण्याचा हेतु आहे.

ओळख

गांधीलमाशी या एकाच नांवाखालीं आपण अनेक जातींच्या माशा घालतों, आणि येथूनच चुकीस आरंभ होतो. बागाईतदारानें निदान तीन प्रकार वेगळे ओळखावे.

पहिला प्रकार मोठ्या गांधीलमाशीचा. हिचा रंग तांबूस तपकिरी असून पोटावर पिवळा रुंद पट्टा व तोंडावर पिवळेपणा असतो. लांबी सुमारें एक इंच. शास्त्रांत हिला व्हेस्पा ओरिएंटॅलिस म्हणतात; हें नांव लिनीअस यानें १७७१ सालीं दिलें. ही कोरड्या व उष्ण मुलखांत चांगली नांदते. जमिनींतील बीळ, वारूळ, जुन्या मातीच्या भिंतीची पोकळी, अशा झांकलेल्या जागीं ती घर करिते. घराजवळ कोणी गेलें कीं अनेक माशा मिळून हल्ला करितात. भय आहे तें मुख्यतः हिचेंच.

दुसरा प्रकार कागदी घराच्या माशांचा. या सडपातळ असून पिवळ्या किंवा तांबूस असतात व उडतांना पाय लोंबते ठेवितात. लांकडाचा व वाळक्या काडीचा भुगा चावून, त्यांत लाळ मिसळून त्या कागदासारखा पदार्थ करितात आणि त्याचें उघडें, लहान देंठावर लोंबणारें घर बांधितात. केळीच्या वाळलेल्या पानाखालीं, लिंबाच्या दाट फांदींत, विहिरीवरील खोलींत, पंपाच्या स्टार्टरच्या पेटींत हीं घरें सांपडतात.

तिसरा प्रकार एकट्यानें राहणाऱ्या माशांचा. त्यांत आपली कुंभारीण येते. ही मातीचें घर लिंपिते, पण त्याच्या राखणीसाठीं माणसावर धांवून येत नाहीं. हातांत धरली तरच डंख मारिते. हिच्या वाटेस कोणीं जाऊं नये.

त्यांचा वर्षक्रम

मोठ्या गांधीलमाशीचें घर वसंत ऋतूंत एकटी राणी सुरू करिते. पहिलीं पिलें तीच वाढविते. त्यांतून कामकरी माशा निघाल्या कीं घर झपाट्यानें वाढतें व पावसाळ्याच्या शेवटीं त्याची वस्ती सर्वांत मोठी होते. चैत्रांत ज्या जागीं एक माशी होती, त्याच जागीं आश्विनांत शेंकडों असतात, आणि आपलें लक्ष तेव्हांच जातें.

आतां फळाशीं तिचा संबंध कसा येतो तें पाहूं. मोठ्या झालेल्या माशीची कंबर इतकी बारीक असते कीं तिला घन अन्न गिळतां येत नाहीं. ती केवळ पातळ अन्नावर जगते. अळ्या व किडे मारून, चावून ती गोळा करिते ते आपल्या पिलांसाठीं. पिलें तो गोळा खातात व मोबदल्यांत तोंडांतून गोडसर रस सोडितात, तो मोठ्या माशा चाटितात. हंगामाच्या अखेरीस घरांतील पिलें कमी होतात, हा रस आटतो, आणि मग माशांची फौज गोड पदार्थाच्या शोधास बाहेर पडते. पिकलेलें फळ, गुऱ्हाळाची काकवी, मिठाईचें दुकान, सर्वत्र ती याच दिवसांत दिसते याचें कारण हें आहे.

थंडी आली म्हणजे सर्व घरें आपोआप ओस पडतात, असें मात्र धरून चालूं नये. कागदी घराच्या तांबूस जातींपैकीं रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीचा अभ्यास बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंत राघवेंद्र गदगकर यांनीं अनेक वर्षें केला व त्यावर २००१ सालीं ग्रंथ लिहिला. या जातीचीं घरें आपल्या उष्ण देशांत बाराही महिने चालूं असतात व नवीं घरेंही केव्हांही सुरू होतात. तेव्हां “संक्रांतीपर्यंत थांबा, जातील” हा सल्ला सर्व जातींस लागू पडत नाहीं.

या माशांचे आपल्यावरील उपकार

कागदी घराच्या माशा दिवसभर कपाशींत, भाजीपाल्यांत व फळझाडांवर फिरून अळ्या उचलितात. ही राखण त्या फुकट करितात. कुंभारीण मातीच्या कोठडींत आधीं अंडें घालिते, मग डंखानें लुळ्या केलेल्या अळ्या भरून ठेविते व तोंड लिंपून घेते. कुंभारणींची दुसरी एक जात अळ्यांऐवजीं कोळी भरिते. आपल्या संतवाङ्मयांत भृंगकीटकन्याय प्रसिद्ध आहे. भिंगुरटीच्या ध्यासानें कोंडलेली अळीच भिंगुरटी होते, असा तो दृष्टांत. कोठडींत अळी जाते व बाहेर माशी येते, हें आपल्या पूर्वजांनीं बरोबर पाहिलें होतें. मधली गोष्ट इतकीच कीं, अंड्यांतून निघालेलें पिलूं त्या अळ्या खाऊन वाढतें व तेंच माशी होऊन बाहेर पडतें. भक्तीचा दृष्टांत म्हणून त्याची गोडी कमी होत नाहीं. परंतु शेतकऱ्यानें त्यांतील कीड नियंत्रणाचा अर्थही ध्यानांत घ्यावा.

याच कुळांतील कांहीं माशा इतक्या लहान असतात कीं त्या डोळ्यांस दिसतही नाहींत. ट्रायकोग्रामा ही माशी एक मिलिमीटरहून लहान असून पतंगांच्या अंड्यांत आपलें अंडें घालिते, त्यामुळें अळी जन्मासच येत नाहीं. ऊस व कपाशींत जीं ट्रायकोकार्डें लावितात तीं हिचींच. पपई पिकविणाऱ्यांस पिठ्या ढेकणाची आठवण असेल. परदेशांतून आलेली ही कीड २००८ सालीं तमिळनाडूंत आढळली व पुढें महाराष्ट्रांतही पसरली. फवारणीस ती दाद देईना. तेव्हां २०१० सालीं प्युर्टो रिको येथून ॲसेरोफॅगस पपाये नांवाची बारीक परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यांत आली व तिनें ती कीड आटोक्यांत आणिली. गांधीलमाशा माराव्या म्हणून जो बागाईतदार सबंध बागेवर जहाल औषध फवारितो, तो आपल्या या बिनपगारी नोकरांस आधीं मारितो.

फळ पहिल्यानें कोण फोडतो?

आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म येथें आहे. मोसंबी, लिंबू व डाळिंब यांची साल जाड असते. धड फळास गांधीलमाशी सहसा भोंक पाडीत नाहीं. आधीं पडलेलें भोंक ती मोठें करिते. द्राक्ष, पिकलेली पपई, पिकून उकललेलें सीताफळ, यांची गोष्ट वेगळी. तेथें ती स्वतःही तोंड घालिते. म्हणून जाड सालीच्या फळांत चोर दुसराच असतो. तो कोण?

मोसंबी-डाळिंबांत हा चोर बहुधा रस शोषणारा पतंग होय. तो रात्रीं येतो, सोंड खुपसून रस पितो व पहांटेपूर्वीं निघून जातो. भोंकाभोंवतीं फळ मऊ पडतें, सडूं लागतें, आणि सकाळीं आपण तेथें गांधीलमाशी पाहून तिच्यावर आळ घेतों. या पतंगाच्या अळ्या बागेंत वाढत नसून बांधावरील गुळवेल व वासनवेल यांच्यावर वाढतात. बांधावरचे हे वेल काढून टाकणें, सांजवेळीं बागेंत धूर करणें व प्रकाश-सापळा लावणें, हे त्यावरचे उपाय आहेत. औषधासाठीं गुळवेल हवी असेल त्यानें ती घराजवळ लावावी.

दुसरा चोर म्हणजे आपली पाण्याची अनियमित पाळी. डाळिंबास व लिंबास ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलें तर फळ तडकतें. बोरॉनची उणीव असली तरीही तडकतें. तिसरा चोर फळमाशी व चौथा पक्षी. या चौघांचा बंदोबस्त केला कीं गांधीलमाशीस बागेंत येण्याचें अर्धें कारण उरत नाहीं.

केळीविषयीं एक खुलासा. आपल्या रावेर-यावलकडील केळी कच्ची कापली जाते, म्हणून तेथें गांधीलमाशीनें फळाचें नुकसान होत नाहीं. तेथें भय आहे तें घड कापणाऱ्या माणसास. कारण विळा पानास लागतो आणि त्याच पानाखालीं कागदी घर लोंबत असतें. वाळलेलीं पानें वेळच्या वेळीं काढावीं व कापणीच्या आदल्या दिवशीं ओळींतून फिरून घरें पाहून ठेवावीं.

बंदोबस्त कसा करावा

पहिलें काम झडलेल्या फळांचें. तोडणीच्या दिवसांत रोज सकाळीं, उन्हें चढण्यापूर्वीं, पडलेलीं, तडकलेलीं व सडकीं फळें गोळा करावीं आणि दोन फूट खोल खड्ड्यांत मातीखालीं दाबावीं. बांधावर ढीग घालणें म्हणजे गांधीलमाशांस पंगत वाढणें होय. गोळा करणाऱ्यानें हातानें फळ उचलण्यापूर्वीं तें काठीनें उलटावें, कारण खालच्या बाजूस माशी आंत शिरलेली असते. आम्ही आठ दिवसांत बाग पुन्हां भरलेली पाहिली ती याच कारणानें: घर जाळलें, पण पंगत तशीच मांडलेली ठेविली. पक्व फळ झाडावर रेंगाळूं देऊं नये. डाळिंबास कागदी पिशव्या अगर कापडी आच्छादन घालण्याची रीत आहे, ती पतंग व माशी या दोघांवरही चालते.

दुसरें काम पाहणीचें. महसूल खात्यांत लेखनिकी करितांना आम्हांस एक संवय लागली कीं, आधीं स्थळपाहणी व नोंद, मग निकाल. तीच येथें उपयोगीं पडली. भाद्रपदापासून आठवड्यांतून एकदां भर दुपारीं बागेंत उभें राहावें. मोठी गांधीलमाशी इतर किड्यांप्रमाणें दुपारीं दबत नाहीं; इस्रायल देशांतील संशोधकांस असें आढळलें आहे कीं ती माती उकरण्याचें काम भर उन्हांतच अधिक करिते. फळावरून उडालेली माशी कोणत्या दिशेस सरळ जाते तें दोन-तीन ठिकाणांहून पाहिलें कीं घराचा माग लागतो. वहींत प्रत्येक घराची जागा, जात व वाटेपासूनचें अंतर लिहावें. मग ठरवावें. वाटेपासून, गोठ्यापासून, पंपापासून व तोडणीच्या ओळींपासून दूर असलेलें कागदी घर तसेंच राहूं द्यावें. माणसाच्या वावरांत असलेलें घर, आणि मोठ्या गांधीलमाशीचें बागेलगतचें घर, एवढींच काढावयाचीं. जें राहूं दिलें त्याच्याजवळ काठी रोवून लाल फडकें बांधावें व मजुरांस तें आधीं दाखवावें.

तिसरें काम घर काढण्याचें. तें कधींही दिवसा करूं नये, व आग, डिझेल, पेट्रोल यांचा उपयोग मुळींच करूं नये. हाताएवढ्या किंवा त्याहून लहान कागदी घरासाठीं अंधार पडल्यावर दोन तासांनीं जावें. अंगभर जाड कपडे, हातमोजे, पायांत बूट व तोंडावर जाळी असावी. बॅटरीस लाल कागद लावावा, कारण लाल उजेड या माशांस जवळजवळ दिसत नाहीं. साबणाचें दाट पाणी पंपानें घरावर भरपूर मारावें. त्यानें माशांचीं श्वासाचीं छिद्रें बुजून त्या मरतात व झाडास विष लागत नाहीं. स्टार्टरच्या पेटीजवळ मात्र पाणी मारूं नये. तेथें वीज तोडून, जाणत्या माणसाकडून काम करवावें. बिळांतील किंवा भिंतींतील मोठें घर कीड नियंत्रणाचें काम जाणणाऱ्या माणसाकडूनच काढवावें. त्याची मजुरी देतांना हात आंखडूं नये. आम्हांस जो खर्च आला तो त्याच्या कितीतरी पट होता. बिळांतली ये-जा पुरी थांबल्यावर तें माती भरून ठोकून घ्यावें.

बाटलीचा सापळा पुष्कळजण लावितात. गुळाच्या पाण्यांत थोडा सिरका घालावा; त्यामुळें मधमाशा सहसा येत नाहींत. सापळा बागेच्या आंत टांगूं नये, कडेबाहेर वीस पावलांवर टांगावा. त्यानें माशा थोड्या कमी होतात, संपत नाहींत.

ज्यांनीं परागीकरणासाठीं मधपेट्या ठेविल्या आहेत त्यांनीं या दिवसांत पेटीचें दार अरुंद करावें, म्हणजे मोठी गांधीलमाशी आंत शिरत नाहीं. आपली सातेरी मधमाशी हुशार आहे. अनेक माशा मिळून गांधीलमाशीस गोळ्यांत घेतात व अंगाच्या उष्णतेनें तिला मारितात. युरोपांतील माशीस ही विद्या तितकी साधत नाहीं. २००४ च्या सुमारास आशियांतील एक गांधीलमाशी फ्रान्स देशांत पोंचली, तेव्हां तेथील मधपाळांचे हाल झाले ते यामुळेंच. आपल्याकडील मेलिफेरा जातीच्या पेट्याही युरोपीय माशीच्याच, हें ध्यानांत असावें.

चौथें व सर्वांत स्वस्त काम चैत्र-वैशाखांतलें. त्या वेळीं घर रुपयाएवढें असतें व त्यावर एखाद-दुसरीच माशी असते. विहिरीची खोली, पेट्या, गोठ्याचे वांसे, रिकाम्या नळ्या पाहून अशीं घरें सायंकाळीं लांब काठीनें पाडावीं. जुनीं बिळें बुजवावीं, भिंतीच्या फटी लिंपाव्या.

डंख झाल्यास

मधमाशी आपला कांटा मागें ठेविते. तो नखानें किंवा कशानेंही ताबडतोब खरवडून काढावा. गांधीलमाशीचा कांटा गुळगुळीत असल्यामुळें तो मागें राहत नाहीं, आणि म्हणून एकच माशी पुनःपुन्हां डंख मारूं शकते. हल्ला होतांच हात न झाडतां, तोंड झांकून, झपाट्यानें दूर जावें व घरांत किंवा मोटारींत शिरावें. मग जागा साबणानें धुवून थंड पाण्याची अगर बर्फाची पट्टी ठेवावी. बोटांतील अंगठी, हातांतील बांगड्या सूज येण्यापूर्वीं काढाव्या. माती, शेण लावूं नये. त्यानें धनुर्वाताचें भय असतें.

पुढील लक्षणें दिसल्यास घरगुती उपायांत एक क्षणही घालवूं नये: अंगभर गांधी उठणें, ओंठ-जीभ-चेहरा सुजणें, आवाज बसणें, श्वास लागणें, भोंवळ येणें, उलट्या होणें. हें डंखांच्या संख्येवर नसतें. एका डंखानेंही होतें, आणि पूर्वीं ज्यास कांहीं झालें नाहीं त्यासही होतें. यावर खरें औषध ॲड्रेनॅलिनची सुई, व ती मिनिटांच्या हिशेबानें मिळावी लागते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें जवळच्या दवाखान्यांत न्यावें. भोंवळ आलेल्यास आडवें निजवून पाय उंच करावे; श्वास लागला असेल तर बसतें ठेवावें. ज्यास वीसपंचवीस डंख झाले असतील त्यास बरें वाटत असलें तरी दवाखान्यांत न्यावें, कारण विषानें मूत्रपिंडास अपाय होतो व तो मागाहून दिसतो. लघवी तांबडी-काळी होणें हें त्याचें चिन्ह होय. तोडणीस माणसें लावण्यापूर्वीं, कोणास पूर्वीं डंखानें त्रास झाला होता काय हें विचारावें, आणि अशा माणसास दुसरें काम द्यावें.

सारांश

१. सर्व गांधीलमाशा शत्रु नाहींत. पुष्कळ जाती अळ्यांचा नाश करितात.
२. जाड सालीचें फळ आधीं पतंग, तडा, फळमाशी किंवा पक्षी फोडतो; गांधीलमाशी मागाहून येते.
३. झडलेलें फळ रोज उचलून पुरणें, हाच मुख्य उपाय.
४. माणसाच्या वावरांतील घर तेवढें काढावें. तें रात्रीं, आगीवांचून, जाणत्या हातानें.
५. चैत्रांत काठीनें पाडलेलें एक घर आश्विनांतील शेंकडों माशांचें भय टाळतें.
६. श्वास लागला कीं थेट दवाखाना.

ती बाई आजही आमच्या बागेंत तोडणीस येते, पण गांधीलमाशी दिसली कीं हातांतलें काम टाकून दूर जाऊन उभी राहते, आणि तिला कोणीं हटकूं नये असा आमचा सर्वांस निरोप आहे. तोडणी सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळीं सालदार व आम्ही वही घेऊन बाग फिरतों. अर्धा तास लागतो. बागाईतदार बंधूंनीं हा अर्धा तास यंदा काढावा, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.